खालच्या गल्लीतून वर आलेली

सासूबाईंना रेनकोट घालायचा म्हणजे मांजराला आंघोळ घालायची. हात वर करा म्हटलं की त्या कमरेवर ठेवायच्या, बटण लावायला गेलं की नेमका खोकला यायचा.

"बाहेर टळटळीत ऊन, आणि अंगात हे पिवळं बारदान! ही तुझीच अक्कल असणार," त्या सुनेला म्हणाल्या.

अक्कल सुनेची नव्हती, गाईडची होती. गुडघे टेकून तिने शेवटचं बटण लावलं. ती शिवणकाम करणारी बाई. कोटाचा खांदा सासूबाईंना चांगला दोन बोटं उतरतोय आणि घेर पायात येतोय, हे तिला टेप न लावता दिसलं. इतकी वर्षं त्यांची पोलकी तिनेच शिवली होती आणि एकूण एक पोलक्याला त्यांनी नावं ठेवली होती.

सहल नवऱ्याने ठरवली होती. आईला जुनी शहरं बघायची हौस, आणि आईची हौस म्हणजे त्याला वरचा हुकूम. सकाळपासून तिघं हिंडत होते. शहर होतंही बघण्यासारखं. नदीचा पूर यायचा, गाळ साचायचा, की त्या गाळावर नवं शहर. राजा बदलायचा, की नवा राजा जुन्याच्या डोक्यावर आपलं बांधणार. एकाच्या प्रार्थनागृहाचे खांब दुसऱ्याच्या कचेरीला लागलेले, त्या कचेरीच्या पायऱ्या तिसऱ्याच्या बाजाराला. आणि सगळ्यांच्या तळाशी, बाजाराच्या बरोबर खाली, ती जुनी गल्ली. घरं, उंबरे, चुली जागच्या जागी. लोक लांबून बघायला यायचे ते तीच.

"ऐका मंडळी," गाईड लोखंडी दाराशी उभा राहून म्हणाला. पोट सुटलेला, हसरा माणूस होता. "खाली नदीचं पाणी पाझरतं, ते उपसायला पंप लावलेत. आज दिवेलागणीला पंप बंद. मग पावसाळा सरेपर्यंत गल्ली पाण्यात. तेव्हा तुम्ही या वर्षीचे शेवटचे पाहुणे! वर आलात की आपापला कोट या खुंटीला लावायचा. खुंट्या भरल्या की मी कुलूप घालतो. माणसं मोजायच्या भानगडीत मी पडत नाही. माणसं हलतात, कोट हलत नाहीत."

सगळे हसले. सासूबाई सोडून.

पायऱ्या अरुंद होत्या. चार पायऱ्या उतरल्या नाहीत तोच ऊन, हॉर्न, फेरीवाल्यांचा कालवा, सगळं वर राहिलं. खाली वास होता ओल्या मातीचा, आणि त्या वासाच्या आत आणखी एक वास. बंद पेटीतल्या कपड्यांना येतो ना, तसा. माणसाचाच, पण शिळा. छतातून पाणी ठिबकत होतं. दोन्ही बाजूंना दारं नसलेली घरं, आणि भिंतींवर मिणमिणते पिवळे दिवे. मध्येच डोक्यावर एखादी जाळी यायची आणि जाळीच्या वर बाजारातल्या लोकांच्या चपला चालताना दिसायच्या. चपला दिसायच्या, आवाज मात्र यायचा नाही.

गल्लीच्या टोकाला एक खोली होती, तिच्यात भिंतीला लागून दगडी बाक. सासूबाई तिथे पोहोचल्या आणि त्यांनी गुडघा धरला.

"मेले मी! कुठल्या पाताळात आणलंस गं मला? तुला काय, तुझे पाय धडधाकट. म्हातारी पडली तर तुझी ब्याद टळेल."

पुढे एक विहीर बघायची राहिली होती. नवरा आधीच गाईडच्या मागे गेला होता. सुनेने सासूबाईंना धरून बाकावर बसवलं, पायांवर कोट सारखा केला.

"आई, तुम्ही इथेच बसा. आम्ही जाऊन येतोच."

"जा, जा. तुम्हाला काय, मी असले काय आणि नसले काय."

बाक मध्यभागी खोलगट झिजलेला होता, खूप जण बसून गेल्यासारखा. सुनेने ते पाहिलं आणि ती पुढे गेली.

विहिरीपाशी गाईडने आपली ठेवणीतली गोष्ट काढली. "शहराने ठरवलं, पुराचा जाच पुरे झाला, रस्ता एक मजला वर उचलायचा. खालची घरं कमानींनी झाकायची, वर नवी बांधायची. तरणीताठी माणसं गेली वर. म्हाताऱ्यांचं काय? कोण त्यांना उचलणार, कोण नव्या घरात कोपरा देणार? मग त्यांना त्या मागच्या बाकावर बसवायचे. म्हणायचे, 'तुम्ही इथेच बसा, आम्ही जाऊन येतोच.' आणि वरून कमान बुजवायचे."

सुनेने वळून मागच्या गल्लीकडे पाहिलं. नवरा हळूच म्हणाला, "आईला नको हां सांगूस हे. जीव खाईल."

"कोणी विचारायचं नाही?" एका बाईने विचारलं.

"वा, विचारायचं तर! कमान बुजवण्याआधी कारभारी दारोदार फिरायचा. खाली तुमचं कोणी राहिलंय का? घरच्यांनी नाही म्हटलं की काम सुरू. हवेसाठी जाळ्या ठेवल्या होत्या, त्यातून म्हणे हाका यायच्या. बाजार भरलेला, खालून हाका चाललेल्या, आणि लोक भाजीचा भाव करतायत." गाईड खुशीत हसला. गोष्ट रंगली की त्याला बरं वाटायचं.

परत आले तेव्हा बाकावर पिवळा कोट बसलेला होता, टोपी पुढे ओढलेली. सुनेला हायसं वाटलं. "चला आई," ती म्हणाली. कोट उठला. कुरकुर नाही, कण्हणं नाही. सुनेने हात पुढे केला, तर त्यात आलेला हात बर्फासारखा गार होता. बिचारीला थंडी वाजली असेल, असं तिला वाटलं. मग पायऱ्या आल्या आणि सासूबाई चढू लागल्या. गुडघा न धरता, कठड्याला न टेकता चढत गेल्या. सून मागून बघत राहिली. उतरताना दोन बोटं लोंबणारा खांदा आता शिवून घेतल्यासारखा बसला होता, आणि घेर घोट्याच्या वर आला होता.

वर उन्हात सगळ्यांनी कोट लावले. खुंट्या भरल्या. गाईडने कुलूप घातलं.

कोटातून निघाल्या त्या सासूबाईच. तोच चेहरा, तीच चाफ्याच्या रंगाची साडी, कपाळावर तीच आठी. फक्त आठी कोणीतरी इस्त्री फिरवल्यागत सपाट झालेली. त्या उन्हाकडे बघत होत्या, डोळे न मिटता. मग सुनेकडे वळून हसल्या, तोंड मिटूनच.

"दमलीस का गं?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या कोणालाही हे ऐकून बरं वाटलं असतं. सून एक पाऊल मागे सरली.

दुपारी हॉटेलच्या खोलीत नवरा घोरू लागला. जेवण झालं की सासूबाई कवळी काढून वाटीत ठेवायच्या आणि पडायच्या. रोजचा शिरस्ता होता. सुनेने वाटीत पाणी घेतलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"हे कशाला?"

"कवळी, आई... कवळी ठेवायला."

म्हातारी वाटीकडे बघत राहिली. मग तिने ओठ उघडले. तोंडात दात होते. कवळी नव्हे, हिरड्यांतून उगवलेले दात. लहान, झिजून सपाट झालेले, आणि दोन दातांच्या फटीत चिकणमाती.

सुनेच्या हातातली वाटी कलंडली. ओरडायला तोंड उघडलं, पण गार बोटं तिच्या केसांत शिरली होती. "ये, डोकं टेक इथे. किती राबतेस गं... कोणी विचारतं का तुला?" म्हातारी पलंगाशी उभी होती आणि पलंगावर टेकलेल्या सुनेचं डोकं तिने पोटाशी धरलं होतं. काय सांगावं माणसाचं! भीती वाटत असतानाच सून रडायला लागली. लग्न झाल्यापासून त्या घरात कोणी तिचं डोकं असं धरलं नव्हतं.

ही सासूबाई नाही, हे तिला कळलं होतं. म्हणजे सासूबाई खाली होत्या. आणि दिवेलागणीला पंप बंद होणार होते.

संध्याकाळी गाडी पकडायच्या आधी तिघं बाजारात गेले. नवरा छत्र्यांच्या दुकानात शिरला, गल्लीतून वर आलेली म्हातारी त्याच्या बाजूला उभी राहिली. सून फुटपाथवर थांबली. पायाखाली जाळी होती.

"अगं ए..."

तिने खाली बघितलं. काळोख.

"अगं ए, कुठे मेलीस? माझा कोट कोणी नेला गं? पायाला पाणी लागतंय इथे... अगं, ऐकतेस का? का कानात बोळे घातलेस?"

लोक जाळीवरून जात होते. एक बाई थांबली, पिशवी सावरली, गेली. कोणी खाली बघितलं नाही. हा आवाज दुसऱ्या कोणाचा असणं शक्यच नव्हतं. मरणाच्या दारातही टोमणा सुटला नव्हता.

मग आवाज बारीक झाला. "बाळा... ये ना गं. मी इथेच बसलेय. तू बस म्हणालीस ना..."

सून पळत सुटली.

गाईड दाराशेजारच्या खोलीत चहा पीत होता. त्याच्यामागे खुंट्यांवर कोट ओळीने टांगलेले. "ताई, दम घ्या. काय झालं?"

"खाली कोणी राहिलंय का, बघता का?"

"राहील कसं? हे बघा, कोट भरलेत." तरी तो पेला ठेवून उठला. माणूस वाईट नव्हता. "पंप बंद करायला निघालोच होतो. तुमच्या मनात शंका असेल तर उघडतो. माझं काय जातंय? सांगा, तुमचं कोणी राहिलंय का खाली?"

किल्ली त्याच्या हातात होती. हो म्हणायचं, एवढंच काम होतं.

आणि नेमका तेव्हा तिला तो फोन आठवला. तिचे वडील हॉस्पिटलमध्ये शेवटचे श्वास घेत होते, सारखं लेकीचं नाव घेत होते. भावाने दुपारीच फोन केला, तो सासूबाईंनी घेतला. घरात पाहुणे जेवायला होते. ती वाढत राहिली, हसत राहिली, पाहुण्यांनी तिच्या हाताच्या चवीचं कौतुक केलं. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या भावाचा फोन होता. पाहुणे गेल्यावर सांगणारच होते." ती पोहोचली तेव्हा वडिलांचा चेहरा झाकलेला होता.

"ताई?" गाईड म्हणाला.

खोलीच्या दारात वर आलेली उभी होती. ती कधी आली कळलंच नाही. उत्तर ऐकायला थांबल्यासारखी नुसती उभी राहिली.

"नाही," सून म्हणाली. "कोणी नाही खाली."

गाईड हसला, किल्ली कमरेला अडकवून पंपाच्या खोलीकडे गेला. थोड्या वेळाने जमिनीखालची घरघर थांबली. तोपर्यंत ती घरघर चालू होती हेसुद्धा लक्षात आलं नव्हतं.

घरी आल्यावर, खोटं कशाला बोला, सून सुखात होती. म्हातारी पहाटे उठून पाणी भरायची, स्वयंपाक करायची, सुनेला ताट वाढून द्यायची. कोणाला नावं ठेवायची नाही. नवरा तर हवेतच होता. "आईला हवापालट मानवला बघ! उगीच तू तिच्या नावाने बोटं मोडायचीस." शेजारणी म्हणायच्या, सासू मिळावी तर अशी. सून मान हलवायची. बाईमाणूस किती लवकर सवय करून घेतं! रात्री डोळा लागायच्या आधी पायाला पाणी लागल्यासारखं वाटायचं, ती पाय पोटाशी घ्यायची आणि झोपायची.

एकच होतं. म्हातारी बसायची नाही. खुर्ची दिली तर नको, पाट दिला तर नको. जेवायची उभ्याने, टीव्ही बघायची उभ्याने. रात्री पाणी प्यायला उठलं की ती मधल्या खोलीत भिंतीपाशी उभी असायची, डोळे उघडे.

"आई, बसा ना जरा," सून एकदा धीर करून म्हणाली.

"नको गं," म्हातारी हळूच म्हणाली. "पुरेसं बसून झालंय माझं." मग जवळ येऊन तिने सुनेचे केस सोडले आणि विंचरायला घेतले. "त्या माणसाने तुला विचारलं ना, तेव्हा तुझा आवाज ऐकला मी. 'कोणी नाही खाली.' अगदी हुबेहूब... माझ्या सुनेने पण असंच सांगितलं होतं. जाळीतून ऐकू आलं मला. ती पण गोड होती गं. तुझ्यासारखीच राबायची."

कंगवा टाळूवरून सावकाश फिरत होता.

"मग... तुम्ही वर आलात ते..."

"तिच्यासाठीच. पण मेलं उशीरच झाला. तिची हाडंसुद्धा राहिली नसतील आता." म्हातारीने वेणी घट्ट ओढून गाठ मारली. "जाऊ दे. सून ती सून. तुला मी अंतर देणार नाही."

त्या रात्री सुनेने नवऱ्याला सांगायचं ठरवलं. पण सांगणार काय? ही तुझी आई नाही म्हटलं, तर पहिला प्रश्न येणार, मग माझी आई कुठे आहे? ती छताकडे बघत पडून राहिली. कोणाला सांगायची सोयच तिने ठेवली नव्हती.

दोन दिवसांनी नवरा जेवताना म्हणाला, "अगं, एक चांगली बातमी. घराची जमीन वर उचलून घेतोय. पावसाचं पाणी शिरतं ना दरवर्षी? आईच्या डोक्यात आलं. भर घालायची, फरशी बदलायची. फक्त तुझी मागची शिवणाची खोली आहे तशीच ठेवायची. तिच्यावरून नुसता स्लॅब ओढायचा."

"वरून? मग आत जायचं कुठून?"

"ते आईला विचार बाई. मला त्यातलं काय कळतं?" तो हसला आणि त्याने भात मागून घेतला. भिंतीपाशी उभ्या म्हातारीने तो वाढला.

गवंडी आला तेव्हा सून मागच्या खोलीत मशीनवर बसली होती. दोन पायऱ्या खाली असलेली ती बुटकी खोली, कापडाच्या चिंध्यांनी भरलेली. गवंडी दारात उभा राहिला, खोलीभर नजर फिरवली, आणि खिशातून खडू काढला. टेप नाही, काही नाही.

"माप नको का घ्यायला?" सुनेने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"आजींनी दिलंय," तो म्हणाला. "तुम्ही बसल्यावर जेवढ्या उंच होता, तेवढं."

ती ताडकन उठायला गेली. खांद्यावर गार हात पडला. फार जोर नव्हता त्या हातात, तरी तिला उठता येईना. बाहेर नवरा मोबाईलवर वाळूवाल्याशी बोलत होता, त्याचं हसणं ऐकू येत होतं. तिने त्याला हाक मारली. तो बोलत राहिला. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी जिवाच्या आकांताने, आणि बाहेरून रस्त्यावरची माणसं खिडकीसमोरून निवांत चालत गेली, एकानेही मान वळवली नाही.

गवंडी रेघ मारायला भिंतीशी वाकला आणि थबकला. सगळी खोली कोरडी होती, पावसाला अजून अवकाश होता. पण तो जिथे खडू टेकवणार होता तिथे आधीच एक रेघ होती, पाणी चढल्याची. भिंतीभर, चारही बाजूंनी सरळ गेलेली. तिच्या खालचा गिलावा ओला होता आणि त्या ओलीत, भिंतीच्या आतून टेकवल्यासारखे, बोटांचे ठसे उमटले होते. एका माणसाचे नव्हते ते.